काकूंचा अकोला रोड

काकू कॉम्प्युटरवर खेळायला बसायच्या त्या बूट घालून. घर त्यांचं, खुर्ची त्यांची, समोर गाडी म्हणावी तर पडद्यावरची. पण चपलेवर त्यांनी कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. कडक इस्त्रीची सुती साडी आणि खाली पांढरे कॅनव्हासचे बूट, असा त्यांचा थाट असे. स्टिअरिंग एका भंगारातल्या जीपचं होतं. ते लाकडी टेबलाला नटबोल्टने आवळून त्याच्या तारा कॉम्प्युटरला जोडलेल्या होत्या. काका, म्हणजे त्यांचे यजमान, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अबोल गृहस्थ. ते चहा घेऊन आले की काकू मान न वळवता म्हणायच्या, "गाडी सुरू हाय." मग काका कपावर बशी झाकून उभे राहायचे आणि पडद्यावरची बस थांब्याला लागल्यावरच कप पुढे करायचे.

मी त्यांच्याकडे गेले ती खरीखुरी गाडी शिकायला. अमरावतीत राजापेठेच्या पुढे, बडनेरा रोडला लागून त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. मी अकोल्याची. अमरावतीत एका फ्लेक्सच्या दुकानात डिझाइनचं काम करायची. वाढदिवसाचे, नेमणुकीचे, श्रद्धांजलीचे बोर्ड दिवसभर जोडत बसायची. कामाचा कंटाळा आला म्हणून गाडी शिकावी असं डोक्यात आलं होतं.

पहिले काही दिवस काकूंनी मला किल्लीला हातच लावू दिला नाही. त्या मला शेजारी बसवायच्या, स्वतः गाडी बडनेऱ्यापर्यंत न्यायच्या, परत आणायच्या आणि स्कूलच्या दारात गाडी उभी करून विचारायच्या, "काय काय पाह्यलं, सांग." मी म्हणायची, रस्ता पाहिला, ट्रक पाहिले, एक पूल पाहिला. त्या मान हलवायच्या. ज्या गाळ्याबाहेर पाण्याचा टँकर नेहमी तिरपा उभा असतो तो पाहिला का, कुत्री कोणत्या वळणावर झोपतात ते पाहिलं का, शाळा सुटल्यावर पोरं कोणत्या गल्लीतून एकदम रस्त्यावर येतात ते पाहिलं का, असे त्यांचे प्रश्न असायचे. मी काही पाहिलेलं नसायचं. "पैसे वापस नेशीन का उद्या परत बसशीन?" असं त्या शांतपणे विचारायच्या. मी परत बसायची. आज मी जी काही चांगली गाडी चालवते ती त्या न चालवलेल्या दिवसांमुळे.

आपल्यासारखं शिकवणारं अख्ख्या विदर्भात कोणी नाही, हे त्या भेटणाऱ्या प्रत्येकाला सांगत. त्यात लाजण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटत नसे. भाजीवाल्याला सांगत, बँकेतल्या मॅनेजरला सांगत, लग्नात पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलाही सांगत. कोणी त्यांची स्तुती केली तर "हो, खरं हाय ते," म्हणून पुढचा घास घेत.

बस चालवण्याच्या खेळाचं वेड त्यांना लागलं ते वैभवमुळे. वैभव चांदूर बाजारचा, माझ्या आधी त्यांच्याकडे गाडी शिकलेला. एकदा आपली पाळी येईपर्यंत तो बाकावर बसून मोबाइलवर बस चालवत होता. त्या खेळात कंपनीने दिलेले रस्ते असतातच, शिवाय खेळणाऱ्यांना आपल्या मनाने रस्ते आणि बसही बनवून टाकता येतात. देशभर अशी बनवणाऱ्यांची मंडळं आहेत. वैभवचंही एक मंडळ होतं, वऱ्हाडातल्या पोरांचं. कोणी पुण्याला नोकरीला, कोणी सुरतेला, कोणी आखातात. सगळे रोज एकमेकांचे रस्ते आपल्या मोबाइलवर उतरवून घ्यायचे आणि चालवायचे. काकूंनी काय आहे ते विचारलं. वैभवने अभिमानाने दाखवलं: अमरावती–नागपूर रोड, त्याने स्वतः बनवलेला, आता तिवसा येतंय.

काकूंचा जन्म तिवशाचा. त्यांनी चष्मा लावला आणि मोबाइल डोळ्यांजवळ नेला. सरळसोट काळा रस्ता, दोन्ही बाजूंना हिरवंगार गवत आणि रांगेने नारळाची झाडं.

"काहून रे बापा," त्या म्हणाल्या, "तिवश्याले नारळ कधी लागले? मी तिथी जल्मली, मले कसे नाई दिसले?"

वैभवने सांगितलं की खेळात झाडं तीच मिळतात, आणि झाडांकडे कोणी बघत नाही. अशाच एका रस्त्यावर नुसत्या पाट्या बदलून त्याने दर्यापूर, अचलपूर, मोर्शी, वरुड असे बरेच रस्ते केले होते. आठवड्याला एक तरी नवा रस्ता तो मंडळात सोडायचाच.

दुसऱ्या दिवशी काकूंनी पुतण्याचा जुना कॉम्प्युटर स्कूलच्या पुढच्या खोलीत आणून बसवला आणि वैभवला बोलावून सांगितलं, मला या मंडळात घे. घेतल्यानंतर महिनाभर त्या फक्त चालवत राहिल्या. वैभवचा प्रत्येक रस्ता त्यांनी शेवटपर्यंत चालवला. प्रत्येक थांब्यावर बस थांबवली, प्रवासी चढू दिले, फाटक बंद असेल तर इंजिन बंद करून वाट पाहिली. मागून इतरांच्या बस हॉर्न वाजवत राहायच्या. काकू खिडकीतून हात बाहेर काढून त्यांना थांबायची खूण करायच्या. पडद्यावरच्या खिडकीतून नाही, स्कूलच्या खऱ्या खिडकीतून. रस्त्याने जाणारे लोक गोंधळून आपल्या सायकली थांबवायचे.

महिना संपल्यावर त्यांनी मंडळात एकच निरोप टाकला: हे सगळे रस्ते मी पाहिले, एकही रस्ता दुसऱ्यांदा चालवावासा वाटला नाही, तुम्हाला वाटतो का, खरं सांगा. मग सुरतेच्या एकाने लिहिलं की नाही, आपण उतरवून घेतो, एकदा चालवतो आणि पुसून टाकतो. पाठोपाठ इतरांनीही तेच लिहिलं. वैभवचा चेहरा पडला. काकूंनी त्याला आलूबोंडा खाऊ घातला आणि म्हणाल्या, आता आपण एकच रस्ता करायचा, अमरावती ते अकोला. नव्या हायवेने नाही. जुना, गावागावातून जाणारा, एसटीच्या लाल गाडीचा.

त्यात त्यांनी मलाही ओढलं आणि असा आमचा रविवारचा उद्योग सुरू झाला. काकू स्कूलची गाडी सायकलच्या वेगाने चालवायच्या आणि आम्ही चारही खिडक्या उघड्या टाकून बसायचो. फोटो काढायचं काम माझ्याकडे होतं. पाट्यांचं काम साहजिकच माझ्यावर आलं, कारण पाट्या जोडणं हाच माझा धंदा. मला वाटलं होतं, हे तर चुटकीसरशी होईल. बडनेऱ्याच्या अलीकडे एक पंक्चरवाला आहे. त्याच्या पत्र्यावर हाताने लिहिलेला 'पंचर' हा शब्द उजवीकडे खाली कललेला आहे, कारण लिहिणाऱ्याला शेवटी जागा पुरली नाही. मी ते कॉम्प्युटरवरच्या नीटनेटक्या अक्षरात लिहून दिलं. काकूंनी परत पाठवलं. मी थोडं तिरकं करून दिलं, परत आलं. शेवटी मी दुकानातला रंग आणि ब्रश घेऊन तसल्याच एका पत्र्यावर स्वतः हाताने लिहिलं, त्याचा फोटो काढला आणि तो पाठवला. तेव्हा त्या म्हणाल्या, "आता तिथी हवा भरून मिळन."

आवाजाचं काम अकीलकडे होतं. अकील मंडळातलाच, बाळापूरचा, मामांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात बसायचा आणि इंजिनच्या नुसत्या आवाजावरून काय बिघडलं ते ओळखायचा. त्याने लाल गाडीचा गिअर, दाराचा खडखडाट, कंडक्टरची डबल बेल असं सगळं मोबाइलवर टिपलं. मूर्तिजापूरच्या स्टँडवर तो अख्खी सकाळ बसला. काकू डोळे मिटून ऐकायच्या. मूर्तिजापूरचं ध्वनिमुद्रण ऐकून त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, यात गाडी लागल्यावर खिडकीपाशी धावत येणारे विक्रेते कुठे आहेत. अकील म्हणाला की त्यांचा कलकलाट फार होता, म्हणून मी लांब बसलो. काकूंनी त्याला समजावलं की मूर्तिजापूर म्हणजेच तो कलकलाट. तो काढला तर मागे नुसतं शेड उरतं. अकील पुन्हा गेला. या खेपेला तो विक्रेत्यांच्या मधोमध उभा राहिला. येताना त्या ध्वनिमुद्रणाबरोबर त्याने आमच्यासाठी फुटाण्याच्या पुड्याही आणल्या, कारण विकत घेतल्याशिवाय त्याला तिथे कोणी उभं राहू देईना.

माझी आई शाळेत शिक्षिका होती. वर्षानुवर्षं तिने अकोला–मूर्तिजापूर अपडाऊन केलं. हे कळल्यावर काकू तिला फोन करायच्या आणि मला बाजूला ठेवून दोघी तासभर बोलायच्या. कोणत्या थांब्यावर कोण चढायचं, कोणत्या फाट्यावर गाडी उगाच थांबायची. एकदा काकूंनी तिला विचारलं, ऊन कोणत्या बाजूने यायचं? आई म्हणाली, जाताना सकाळचं समोरून डोळ्यात, येताना संध्याकाळचं समोरून डोळ्यात. सबंध नोकरीत सूर्याने पाठ दाखवली नाही. काकूंनी फोन ठेवला आणि वैभवला खेळातला सूर्य हलवायला लावला. तोवर आमच्या अकोला रोडवर सूर्य कायम डोक्यावर होता. त्या संध्याकाळी आम्ही प्रथमच बडनेऱ्याकडून पश्चिमेला बस काढली आणि समोरच्या काचेवर ती पिवळी तिरीप आली. वैभव कितीतरी वेळ चालवतच राहिला.

पण काम पुढे सरकत नव्हतं. पावसाळा गेला, हिवाळा आला, आणि आमचा रस्ता बडनेरा ओलांडून थोडाच पुढे गेला होता. त्यातच खेळाच्या कंपनीने जाहीर केलं की खेळणाऱ्यांनी बनवलेल्या रस्त्यांपैकी एक रस्ता निवडून खेळाच्या नव्या आवृत्तीत कायमचा घेतला जाईल. म्हणजे जगात कुठेही कोणी तो खेळ उघडला की तो रस्ता त्यात असणार. सगळी मंडळं पेटून उठली. पश्चिमेकडच्या एका मोठ्या शहरातलं मंडळ तर रोज एक नवा रस्ता सोडायला लागलं. त्यांची यादी बोटाने वर ढकलली तरी संपायची नाही.

वैभवचा धीर सुटला. तो एका रविवारी आला तो तयारीनेच. त्याचं म्हणणं असं होतं की बडनेऱ्यापुढे आता नेहमीची झाडं, नेहमीची घरं टाकून रस्ता अकोल्यापर्यंत ओढून घ्यावा आणि जोडीला आधीचे जुने रस्तेही द्यावेत.

"काकू, लोक किती हाय तेच पाह्यते," तो म्हणाला. "त्यायच्यापाशी रोज नवा रस्ता येते. आपल्यापाशी का हाय? बडनेरा."

"बडनेऱ्याले का झालं?" काकूंनी विचारलं.

तो म्हणाला की काही झालं नाही, पण बडनेऱ्यावर कोणी जिंकत नसतं. काकू म्हणाल्या, "शंभर खोट्या गावायपेक्षा एक खरं बडनेरा बरं. तुले जायचं असन तर जाय. मी कोनाची वाट अडवत नाई."

तो गेला. एकटा गेला नाही. निम्मं मंडळ त्याच्यामागे गेलं, आणि त्यांनी वेगळा गट करून भराभर रस्ते सोडायला सुरुवात केली. आमच्या गटात आता बोलायलाही फारसं कोणी उरलं नव्हतं. मला स्वतःला वैभवचं बोलणं पटत होतं. अकोला माझं गाव. नुसत्या हट्टापायी रस्ता तिथवर पोचणारच नाही, याचं मला वाईट वाटत होतं. तसं मी काकूंना सांगितलंही. त्या आठवड्यात त्यांनी कॉम्प्युटरवरचं कापड काढलं नाही. शिकणाऱ्यांना गाडीत बसवून गप्प बसायच्या. त्यांना गप्प बसलेलं आधी कोणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे शिकणाऱ्या बायका घाबरून नेहमीपेक्षा चांगली गाडी चालवू लागल्या.

काकांनी मला एकदा दारापाशी थांबवलं. एरवी ते चहा देण्यापलीकडे बोलत नसत. त्यांनी सांगितलं, लग्नाआधी हिला बसचा ड्रायव्हर व्हायचं होतं. तिवशाच्या फाट्यावर उभी राहून जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांचे ड्रायव्हर ती आवाजावरून ओळखायची. त्या काळी बाई बस चालवेल हे कोणाच्या मनातही येत नव्हतं. तिच्या वडिलांनीही हसून सोडून दिलं. आता बाया बस चालवतात, पण हिचं वय निघून गेलं. "तिले गेम नाई खेळायचा," काका म्हणाले. "तिले ड्युटी करायची हाय. थातूरमातूर रस्त्यावर ड्युटी कशी करन ते?"

मी आत गेले आणि कॉम्प्युटरवरचं कापड काढलं. काकूंनी बूट घातले.

कंपनीला रस्ता पाठवायची मुदत संपायला दोन-अडीच आठवडे होते आणि माणसं मोजकी. काकूंनी ठरवलं की जेवढा रस्ता झालाय तेवढाच द्यायचा. त्यात एक झाडही नवीन टाकायचं नाही, असलेलंच तपासायचं. त्यांनी तो रस्ता इतक्या वेळा चालवून पाहिला की अकील म्हणायचा, आता टायर बदलावे लागतील. अमरावतीच्या स्टँडवरून निघायचं, राजापेठ ओलांडायची, बडनेऱ्याच्या स्टेशनची गर्दी पार करायची, आणि मग थोडं पुढे, शेतं सुरू होतात तिथे रस्ता संपायचा. तिथे त्यांनी माझ्याकडून पिंपांची आडवी रांग करून घेतली आणि पाटी लावली: 'पुढे काम चालू आहे. सहकार्य करावे.' स्पर्धेत असं अर्धवट काही देतात का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, खऱ्या रस्त्यावर हीच पाटी सगळ्यात जास्त वेळा दिसते. त्यात लाजायचं काय?

कंपनीने सगळ्यांचे रस्ते काही आठवडे खेळणाऱ्यांसाठी खुले ठेवले. पहिल्या दिवसांत आमच्याकडे कोणी फिरकलंच नाही. मोठ्या शहरातल्या मंडळाकडे झुंबड होती. वैभवच्या नव्या गटाकडेही बरी गर्दी होती. मग एका सकाळी मस्कतमध्ये नोकरी करणाऱ्या एका नर्सने आमच्या रस्त्याखाली लिहिलं की ती बडनेऱ्याची आहे. ड्युटी संपली की रोज खेळात अमरावतीहून बसमध्ये बसते आणि स्टेशनपाशी उतरते. उतरून काही करायचं नसतं, नुसतं उभं राहायचं असतं. दुसऱ्या दिवशी तिचे भाऊ आले, मग भावांचे मित्र. मग ज्यांना मराठीचं अक्षर कळत नाही असे लांबचे लोक येऊ लागले. केरळातल्या एकाने लिहिलं की या रस्त्यावर आपोआप गाडी हळू चालवली जाते, का ते माहीत नाही, बाकीच्या रस्त्यांवर असं होत नाही.

आणि मग पिंपांपाशी रांग लागायला लागली. लोक बस घेऊन तिथवर यायचे, 'काम चालू आहे' वाचायचे, बस बाजूला लावायचे आणि एकमेकांशी बोलत थांबायचे. पुढचा रस्ता कधी उघडणार, मूर्तिजापूर कधी येणार, असं विचारायचे. कोणी सांगायचं, मूर्तिजापूरला माझी आजी राहते. कोणी विचारायचं, काटेपूर्णेचा पूल करणार ना? बाकीचे रस्ते लोक एकदा चालवून पुढच्या रस्त्यावर जात होते. आमच्या रस्त्याला पुढे काही नव्हतं, तरी लोक दुसऱ्या दिवशी परत येत होते.

कंपनीने निवड करताना रस्ते किती दिले ते पाहिलंच नाही. लोक कुठे पुन्हा पुन्हा येतात ते पाहिलं. निवडलेला रस्ता अमरावती–अकोला होता, अर्धवट. पुढचा भाग पूर्ण करून देण्यासाठी तुम्हाला हवा तेवढा वेळ घ्या, असं त्यांनी कळवलं. मी दुकानातून धावत स्कूलमध्ये गेले. काकू एका बाईला रिव्हर्स शिकवत होत्या. मी खिडकीतूनच बातमी सांगितली.

"मले माईत होतं," काकू म्हणाल्या आणि त्या बाईला म्हणाल्या, "तुमी मांगं पाहा, माह्याकडं नोका पाहू." गाडी नीट मागे लागेपर्यंत त्या उतरल्या नाहीत. उतरल्यावर मात्र त्यांनी काकांना आलूबोंडे आणायला पाठवलं आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून खाऊ घातले. त्यात सायकलवाले होते, शाळेची पोरं होती, वाहतूक पोलिसही होता. बडनेरा रोडवर काय झालंय हे कोणाला समजत नव्हतं, पण बोंडे गरम होते.

वैभव दोन दिवसांनी आला. दारात उभा राहिला. काय बोलायचं ते तो वाटेत ठरवून आला असावा. काकूंनी त्याला बोलायची वेळच येऊ दिली नाही. अकोल्याच्या अलीकडचा बोरगाव मंजूचा चौक कोणालाच जमत नाहीये, तू बघ, असं म्हणून त्यांनी खुर्ची त्याच्याकडे सरकवली. त्याने तो चौक केला. काकूंनी परत पाठवला. त्याने पुन्हा केला. असा तो चौक होळीपर्यंत चालला आणि झाला तेव्हा त्यात उसाच्या रसाच्या चरख्याची घुंगरंसुद्धा वाजत होती.

आता मदतीला माणसं पुष्कळ होती. जगभरातून लोक आपापल्या गावचा तुकडा बनवून पाठवायचे. काकू बहुतेक सगळे परत पाठवायच्या, आणि गंमत म्हणजे लोक त्याने रागवायचे नाहीत. सुधारून पुन्हा पाठवायचे. मूर्तिजापूरजवळ बंद पडलेल्या छोट्या रेल्वेचे रूळ आहेत. त्यावर गाडी धावताना दाखवा, असा बऱ्याच जणांचा आग्रह होता. काकूंनी गाडी दाखवली नाही. रुळांवर गवत दाखवलं, आणि त्या गवतात चरणारी एक शेळी. तो आग्रह धरणाऱ्यांपैकीच एकाने नंतर लिहिलं की शेळी पाहून त्याला घरची आठवण आली. अकोल्यात शिरतानाचा शेवटचा भाग त्यांनी मला दिला. "तुह्यं गाव, तूच कर. माह्याकडून चुकन." काकूंच्या तोंडून 'माझ्याकडून चुकेल' हे शब्द मी तेवढे एकदाच ऐकले.

रस्ता पूर्ण झाल्यावर पहिली फेरी अकोल्यात सर्वांसमोर करायची असं ठरलं. एका कॉलेजने सभागृह दिलं. मंडळातल्या पोरांना वाटत होतं की गेम खेळणाऱ्यांना बोलवावं. काकू म्हणाल्या, त्यांना बोलवाच, पण पुढच्या खुर्च्या अपडाऊनवाल्यांच्या. ज्यांनी त्या रस्त्यावर जन्म काढला त्यांना आधी बसू द्या. त्यांना पटलं तर रस्ता खरा. म्हणून मग शिक्षिका, कारकून, नर्सेस, कोर्टातले शिपाई, दुधाच्या कॅन घेऊन येणारे, निवृत्त झालेले कंडक्टर आणि ड्रायव्हर असे सगळे आले. माझी आई आली. बहुतेकांनी आयुष्यात कधी गेम हातात धरलेला नव्हता.

मंचावर काकूंचं ते जीपचं स्टिअरिंग आणि मागे भिंतभर पडदा. काकू मधोमध बसल्या. भाषण करा म्हटलं तर त्यांनी सांगितलं, ड्रायव्हरशी बोलू नये. अमरावतीच्या स्टँडवर डबल बेल वाजली आणि गाडी निघाली.

सुरुवातीला लोक माना वर करून नुसतं बघत होते. बडनेरा आलं तसे हसले, एकमेकांना कोपर मारले. कुरूमच्या पुढे कोणीतरी, आता फाट्यावर थांबेल, असं म्हणालं आणि काकूंनी खरंच थांबवली. मूर्तिजापूरला विक्रेत्यांचा कलकलाट सुरू झाला तेव्हा सभागृहात पुढे बसलेल्या एका बाईंनी सवयीने खिडकी लावल्यासारखा हात वर केला आणि मग ओशाळून खाली घेतला. काटेपूर्णेच्या पुलावर टायरचा आवाज बदलला. संध्याकाळचं ऊन समोरून आलं आणि पुढच्या रांगेतल्या लोकांनी डोळे बारीक केले. काही जणांचा तर डोळाच लागला. माझ्या शेजारी बसलेले एक म्हातारे बाबा मान एका बाजूला टाकून गाढ झोपले होते. मी घाबरून काकांकडे पाहिलं. काका हसले आणि हळूच म्हणाले, "पटलं त्यायले."

बोरगाव मंजू गेलं. अकोल्याची पहिली गोदामं दिसायला लागली, मग गॅरेजं, मग मी हाताने लिहिलेल्या पाट्या. स्टँड अजून बराच लांब होता. पडद्यावर त्याचं नाव कुठेही आलेलं नव्हतं. तेवढ्यात माझ्या मागे खुर्ची वाजली. मग आणखी एक. मी वळून पाहिलं. लोक खुर्च्यांखाली वाकून आपापल्या पिशव्या ओढत होते. कोणी पर्स खांद्याला लावली, कोणी डब्याची पिशवी हातात घेतली. झोपलेले बाबा कोणी न उठवता जागे झाले आणि धोतर सावरून उठले. माझी आई एका हाताने पुढच्या खुर्चीची पाठ धरून उभी होती आणि दुसऱ्या हाताने पदर खोचत होती. कोणी कोणाकडे पाहिलं नाही, कोणी टाळी वाजवली नाही. स्टँडच्या वळणावर गाडी कलली तशी ती सगळी उभी माणसं थोडी एका बाजूला कलली.

काकूंनी गाडी फलाटाला लावली. इंजिन बंद केलं, हातब्रेक ओढला, आणि मग मागे वळून पाहिलं. पडद्याच्या उजेडात सगळं सभागृह दाराकडे तोंड करून उभं होतं. त्यांनी ते पुष्कळ वेळ पाहिलं. डोळे पुसले नाहीत. पुसण्यासारखे झाले होते, पण त्या ड्युटीवर होत्या.

"अकोला आलं," त्या म्हणाल्या. "सावकाश उतरा."